‘ती घरीच असते’

२०११च्या फेब्रुवारीत नशिराबादच्या दोन गल्ल्या माझ्या वाट्याला आल्या. सकाळी शाळा, दुपारनंतर जनगणना. ९ ते २८ फेब्रुवारी मी प्रगणक होतो. काखेत अनुसूचींचा गठ्ठा आणि विचारायला २९ प्रश्न.

जळगावहून भुसावळकडे जाताना महामार्गावर दहाएक किलोमीटरवर आमचं गाव लागतं. इथं काचेच्या बांगड्या बनत आणि १९०१ साली बारा हजारांवर लोक राहत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. वस्ती मिश्र. माझ्या यादीत आधी लेवा पाटलांची धाब्याची घरं होती, पुढे मुसलमान मोहल्ला, मग कोळ्यांची आणि बौद्धांची घरं. जात मात्र फक्त अनुसूचित जाती-जमातींचीच लिहायची होती. मातृभाषा विचारली की एक आजी अस्सल लेवा बोलीत म्हणाली, "मराठीच लिव्हा ना मास्तर." सांगतील तेच लिहायचं, म्हणून मराठी लिहिलं.

माझी खरी परीक्षा कामाच्या प्रश्नाला झाली. दारात बहुतेक घरधनीच बसलेला असे. स्वतःचं काम तो सविस्तर सांगे. बायकोचं विचारलं की म्हणे, "ते काही नही करत, घरीच असते." पहिल्या गल्लीत मी तसंच लिहीत गेलो. दुसऱ्या गल्लीत एका घरी असंच उत्तर मिळालं, तोच आतून आवाज आला, "कापूस येचाले कोन जाते मंग? अन् म्हशीचं कोन करते?" ती बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांवर कापसाच्या बोंडांनी ओरखडे काढलेले दिसत होते. तिला महिने मोजायला लावले. निंदणी, वेचणी, हरभऱ्याची काढणी असं धरून ते सहाच्या पुढे गेले. म्हणजे ती मुख्य काम करणारी होती. नवऱ्याच्याच रकान्यात बसणारी.

प्रशिक्षणात आम्हाला हे सांगितलं होतं. घरच्या शेतात बिनमजुरीनं राबणं हेही काम आणि घरापुरत्या दुधासाठी जनावरं सांभाळणं हेही काम. मी ते ऐकलं होतं, पण दारात उभं राहून नेटानं विचारलं नव्हतं. १ ते ५ मार्चच्या फेरतपासणीत पहिल्या गल्लीत पुन्हा गेलो आणि या वेळी बायकांनाच विचारलं. बऱ्याच नोंदी बदलाव्या लागल्या.

पुढे एक गोष्ट समजली, ती आजही सलते. त्या वेळी गावात ग्रामपंचायत होती, तरी जनगणनेच्या दप्तरात नशिराबाद ‘जनगणना शहर’ आहे. त्यासाठी लोकसंख्या किमान पाच हजार, घनता दर चौरस किलोमीटरला किमान चारशे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर असावे लागतात. फक्त पुरुष. पुरुष गिरणी, दुकान, कारखान्याकडे गेले की गाव शहर ठरतं. मागे शेत कोण कसतं, हे त्या मोजणीत येतच नाही. हा निकष मला अन्यायाचा वाटतो.

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. या वेळी प्रत्येकाची जातही विचारली जाणार आहे आणि सगळ्यांचं लक्ष त्या रकान्याकडे असेल. माझी विनंती कामाच्या रकान्याविषयी आहे. प्रगणक दारात आला की त्या प्रश्नाला घरातल्या बाईला स्वतः उत्तर देऊ द्या.