माश्यांवरची चौकट आणि मामांचा रिपोर्ट

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी पेपरात एक चौकट लिहिली होती. मथळा, 'माश्यांवर संशोधन, जनतेच्या पैशांची चंगळ'. बातमी बाहेरून आलेली, मीठमसाला माझा. लोकांनी फोन करून शाबासकी दिली.

परवा मामांचा बायोप्सी रिपोर्ट हातात आला. फुफ्फुसाचा कॅन्सर. आयुष्यात कधी विडी ओढली नाही त्यांनी. म्हणाले, "तू पेपरवाला ना, वाच बघू." लिहिलं होतं, ईजीएफआर पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी समजावलं. पेशीच्या अंगावरचा हा रिसेप्टर बाहेरून 'वाढ' असा निरोप आला तरच चालू व्हायला हवा. मामांच्या गाठीत तो निरोपाशिवायच चालू राहिलाय. त्यावर गोळी आहे.

रात्री वाचत बसलो, तर तीच माशी समोर! (पिकल्या केळ्यावर घिरट्या घालणारं चिलट, ड्रॉसोफिला. आंबेवाल्यांची फळमाशी वेगळी.) तिच्यातही हाच रिसेप्टर. तिच्या एका डोळ्यात साधारण 800 बारके डोळे, प्रत्येकात उजेड टिपणाऱ्या पेशी आठच. नववी का नाही? तर स्पिट्झ नावाचं प्रथिन एका पेशीतून बाहेर पडून शेजारच्या पेशीला निरोप देतं. निरोप मिळालेली पेशी स्वतःच आर्गोस नावाचं दुसरं प्रथिन बाहेर सोडते. ते लांबवर पसरतं आणि पुढचा निरोप थांबवतं. आर्गोस नसलं की जास्तीच्या पेशी घुसतात, डोळा खडबडीत होतो. हे 1992 साली कळलं. आर्गोस रिसेप्टरलाच अडवतं असा समज होता. 2004 मध्ये उलगडलं की ते रिसेप्टरला हातच लावत नाही, स्पिट्झलाच वाटेत धरून ठेवतं. एका ब्रेकची जागा कळायला 12 वर्षं! तेव्हाचा मी असतो तर आणखी एक चौकट केली असती.

मामांची गोळी माशीतून आली असं मी म्हणणार नाही. पण रिसेप्टर चालू झाल्यावर निरोप पेशीच्या आत कसा जातो, हे बरंचसं माशीच्या डोळ्यातून कळलं. माणसातल्या एका जनुकाला आजही 'सन ऑफ सेव्हनलेस' म्हणतात. सेव्हनलेस म्हणजे डोळ्यात सातवी पेशी नसलेली माशी.

चौकटीचं कात्रण फाइलीत होतं. मामांना दाखवलं. चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "दुरुस्ती छाप की मग."

पेपर आता बंद पडलाय. म्हणून इथे.