बॅटरीवाले चाचा

भारनियमनाच्या वर्षांत अंबाजोगाईत घरी बसून डीटीपी करायचं म्हणजे आधी विजेचं वेळापत्रक पाठ करायचं, मग गिऱ्हाइकाला वेळ द्यायची. माझ्याजवळ ६०० व्हीएचा यूपीएस होता. आत १२ व्होल्ट, ७ एएचची छोटी बॅटरी. दहा-पंधरा मिनिटांत फाइल सेव्ह करून संगणक नीट बंद करावा, एवढ्यापुरतीच. वीज मात्र तासन्‌तास जायची.

मी जनरेटर घ्यायला निघाले होते. चौकशीला गेले ते चाचांकडे. ट्रॅक्टर-जीपच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे, इन्व्हर्टरही बसवायचे. भाव सांगण्याआधी त्यांनी विचारलं, "बाई, तुमची मशीन खाती किती?" मला काय ठाऊक! दुसऱ्या दिवशी चाचा मीटर घेऊन घरी आले. दीडशे वॉट निघाले, त्यातले निम्मे जुन्या काचेच्या मॉनिटरचे. "पहिले हा डबा बदला, मग बॅटरीचं बोलू." बॅटरी विकणारा माणूस मला बॅटरी कमी लागावी म्हणून धडपडत होता, आणि मॉनिटर काही ते विकत नव्हते.

एलसीडी आणला, भार शंभराच्या आत आला. मग १५० एएचची ट्यूब्युलर. खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी पेन्सिलीनं हिशेब मांडला: १५० गुणिले १२, म्हणजे १८०० वॉट-तास; इन्व्हर्टरची घट धरून आणि बॅटरी पार रिकामी न करता हजारेक खरे. फ्लॅट प्लेटची स्वस्त पडली असती, पण रोज उतरायची नि रोज चढायची तर ट्यूब्युलरच टिकते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्यायला लावला आणि मागचं बटण यूपीएस मोडवर टाकून दिलं. नाहीतर वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात संगणक बंद होऊन पुन्हा चालू होतो. लेझर प्रिंटर मात्र जोडू दिला नाही. त्यातला हीटर एकदम किती ओढतो ते मीटरवर दाखवलं, तेव्हा मीही हट्ट सोडला.

पैसे निम्मे रोख, बाकी "लग्नसराई झाल्यावर". ना वही, ना सही. माझ्या धंद्यावर एवढा भरवसा तोवर घरच्यांनीही टाकला नव्हता.

ती बाकी उन्हाळ्यात फेडली. चाचा त्यानंतरही अधूनमधून हायड्रोमीटर घेऊन यायचे, डिस्टिल्ड वॉटर घालून जायचे, आणि बॅटरीत बोअरचं पाणी ओतणाऱ्यांचा मनसोक्त उद्धार करायचे. याचे पैसे कधी घेतले नाहीत.

त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका माझ्याकडे आली, तेव्हा वाटलं, आता संधी मिळाली. पैसे घेणार नाही, मी म्हणाले. चाचांनी मजकुराच्या कागदाची परत घडी घातली. "मग दुसरीकडे छापतो."

घेतले.