पावसाच्या गावातलं लाकडी कुंपण

लोणावळ्यात बंगला घेतला की मुंबईकराला दोन गोष्टी हव्याच असतात, झोपाळा आणि लाकडी पट्ट्यांचं कुंपण. झोपाळा ओटीवर, छपराखाली असतो. कुंपणाला मात्र वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस अंगावर घ्यायचा असतो. तरी गिऱ्हाईक माझ्या वर्कशॉपात आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "लाकूड कोणतं?" पाणी कुठून निघून जाणार, हे कुणी विचारत नाही.

कार्ल्याच्या चैत्यगृहात जरा मान वर करून बघा. कमानदार छताच्या सागवानी फासळ्या जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. डोंगराच्या पोटात त्यांना पाऊस लागला नाही, म्हणून त्या आहेत. कार्ले, भाजे, बेडसे इथल्या दर्शनी भिंतींवर कठड्याची नक्षीही आहे. तिला वेदिका म्हणतात. मुळात हे सुताराचं काम, पाथरवटाने दगडात उतरवलेलं. सांचीला तर अख्खा कठडाच दगडात उभा आहे: खांबांच्या भोकांत बसवलेल्या आडव्या सूची आणि सगळ्यांच्या डोक्यावर गोलसर माथ्याचं उष्णीष. मी सुतार म्हणून बघतो तेव्हा ते उष्णीष मला शोभेचं वाटत नाही. खांबाचं कापलेलं डोकं झाकायचं आणि पाणी दोन्ही अंगांनी उतरवायचं, ही त्याची कामगिरी. आजच्या टोकदार पट्ट्यांच्या कुंपणातून नेमकी तीच पट्टी गेली.

लाकूड पाणी पितं ते मुख्यतः कापलेल्या टोकातून. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीचं फावतं. म्हणून पट्टीचं वरचं टोक मी उतरतं कापतो, टोकांना पितील तेवढं तेल पाजतो आणि वर आडवी पट्टी ठोकतो. ती दणकट हवी, कारण इथली माकडं तिच्यावर सहकुटुंब बसतात.

सर्वात आधी कुजतो तो खांब, तोही अगदी जमिनीलगत, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. लाकडी खांब मातीत पुरूच नये. काँक्रीटमध्ये जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाय बसवावा आणि लाकूड जमिनीपासून तीन इंच वर ठेवावं. काँक्रीटचा माथाही बाहेरच्या बाजूला उतरता हवा.

पट्ट्या उन्हाळ्यात ठोकल्या तर फट मोकळी ठेवा. चार इंची पट्टी पावसाळ्यात दोन-तीन मिलिमीटर सहज फुगते, लांबीला मात्र जवळजवळ वाढत नाही. मी बोटभर फट सोडतो, वाराही खेळतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. साध्या खिळ्याभोवती पहिल्याच पावसात काळे ओघळ येतात.

आता लाकूड. सागाचा गाभा उत्तम, पण कडेचा पांढरा भाग वाळवीला आमंत्रण. आपल्या बांधावरचा साग, ऐन किंवा जांभूळ तोडायचा तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. स्वस्तात करायचं तर दाबाखाली रसायन मुरवलेलं पाइन घ्यावं. तांबं, क्रोम आणि आर्सेनिकचं हे मिश्रण देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ च्या सुमारास शोधलं, पुढे ते जगभरच्या विजेच्या खांबांत मुरलं. असं लाकूड कापलं की आतला कोरा भाग उघडा पडतो, तिथे औषध पुन्हा लावावं. त्याचे तुकडे बंबात किंवा शेकोटीत कधीही जाळू नका, धुरात आर्सेनिक असतं.

कुंपण जुनं असेल तर दिवाळीची सफाई करताना त्यालाही हात मारण्याचा मोह होईल. शेवाळ खुशाल घासून काढा, पण तेलाचा डबा उघडू नका. लाकूड आतून अजून ओलं असतं, वरून थर दिला की ओल आत कोंडते. डिसेंबर उलटू द्या, मग जवसाचं बेल तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून दोन हात द्या. तेलाचे बोळे उन्हात पसरून वाळवा. चुरगळून टाकलेले बोळे आपोआप पेटतात.