ओव्हरऑइलिंग

सायकल पूर्ण खोलून, धुऊन, ग्रीस भरून परत जोडायच्या कामाला आमच्याकडे सगळे 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात. खरा शब्द ओव्हरहॉलिंग आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पण तेलाचंच काम, त्यामुळे जुना शब्द काही जिभेवरून गेला नाही. तर ही गोष्ट अशाच एका ओव्हरऑइलिंगची.

आप्पांची काळी अ‍ॅटलास घरातल्या मंडळींना आठवत असेलच. तिच्या नळीवर बसून शाळेत गेलेली निदान चार भावंडं हे वाचत असतील :-) आप्पा गेल्यावर काही दिवस मी ती चालवली. मग एकदा पंक्चर झाली. "रविवारी बघू" म्हणून जिन्याखाली लावली आणि तो रविवार नऊ वर्षं आलाच नाही. गेल्या दिवाळीआधी सोसायटीने जिना मोकळा करायला सांगितलं. भंगारवाला चारशे रुपये म्हणाला. मी "उद्या सांगतो" म्हणालो खरा, पण रात्रभर काही झोप लागली नाही.

सकाळी सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या काकांकडे गेलो. वडाखाली पत्र्याची टपरी, पाण्याचं घमेलं, हवेचा पंप. बस, एवढंच दुकान. काकांनी चाक फिरवून पाहिलं, ब्रेकच्या दांड्या हलवून पाहिल्या आणि म्हणाले, "मजुरी धरून तेवीसशे-साडेतेवीसशे होतील." घरून मंजूर झालेलं बजेट होतं पंधराशे. जुन्या लोखंडावर त्याहून जास्त खर्च करायचा नाही, असं ठरलं होतं. ते मी तसंच सांगून टाकलं. काकांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "मग असं करा साहेब, बसा इथं. हात काळे करणार असाल तर मजुरी नको मला."

असे चार रविवार मी त्या वडाखाली बसलो.

मला काळजी होती ती पार्टची. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. या काळ्या सायकलींची मापं सगळीकडे सारखीच. एका कंपनीचं पेडल दुसरीला बसतं.

पेडलवरून आठवलं. पहिल्याच दिवशी मी डावं पेडल काढायला पान्यावर अक्षरशः उभा राहिलो. ते हलेना. काका शांतपणे चहा पीत बघत होते. कप खाली ठेवला, पाना उलटीकडे फिरवला आणि पेडल सुटलं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सरळ असते, तर पाय मारता मारता ते आपोआप सैल होऊन गळून पडलं असतं. इतकी वर्षं सायकल चालवली, पण हे कधी कळलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी छर्रे. पुढच्या चाकात दोन्ही बाजूंना दहा-दहा. काढताना मोजायचे, धुताना मोजायचे, बसवतानाही मोजायचे. मला वाटलं, धुऊन तेच वापरू, तेवढेच पैसे वाचतील. काकांनी एक छर्रा नखावर धरून दाखवला. त्यावर बारीक खड्डे पडले होते. "हा वाटी खाणार. मग अख्खा हब बदला." नवे छर्रे घेतले. साठ रुपये. मग कोन आवळायचा. जास्त आवळला तर चाक अडतं, सैल राहिला तर डुगडुगतं. बरोबर जमलंय हे ओळखायची खूण अशी: चाक उचलून सोडून द्यायचं. जड असल्याने वॉल्व्हची बाजू आपोआप खाली येऊन थांबली पाहिजे. माझं चाक सातव्या खेपेला थांबलं. तेव्हा झालेला आनंद पगारवाढीच्या वेळीही झाला नव्हता!

चेन मात्र मी नवीन घ्यायच्या तयारीत होतो. काकांनी फूटपट्टी लावली. चेनचे चोवीस जोड म्हणजे बारा इंच. ते एक अष्टमांश इंचाने वाढले असतील, तर चेन गेली. आमची जेमतेम अर्धं सूत वाढली होती, म्हणजे निम्मी. डिझेलमध्ये धुतली, तेल दिलं, झालं. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हे ज्याला मोजता येतं त्यालाच ठरवता येतं, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

आणि लगेच पुढच्या रविवारी माती खाल्ली. टायर-ट्यूबचे दोन जोड ऑनलाइन मागवले. काकांचा भाव हजार वीस, मला पडले आठशे ऐंशी. म्हणजे एकशे चाळीस वाचले! मोठ्या ऐटीत ते काकांपुढे ठेवले. "चांगले आहेत," एवढंच म्हणून ते टायर चढवायला लागले. मध्येच एक गृहस्थ ट्यूबचा भाव विचारून "ऑनलाइन स्वस्त मिळते" म्हणत निघून गेले. काकांनी मान वर केली नाही. मी विचारलं, "काका, तुम्हाला सुटतं तरी किती?" म्हणाले, "पंक्चरचे तीस. दिवसाला दोन-तीन येतात, कधी एकही नाही. बाकी सगळं पार्टवरच."

माझा हिशेब तिथेच झाला. ज्यांनी माझी मजुरी सोडली, त्यांच्याच पार्टवरची कमाई मी वाचवून आणली होती. पैसे देऊ केले, तर ते हसले आणि घमेल्यातलं पाणी बदलायला गेले. पेडल, ब्रेक रबर, सीट कव्हर त्यांच्याकडूनच घेतलं, भाव न करता. तरी ते एकशे चाळीस अजून टोचतात.

शेवटच्या दिवशी राहवलं नाही. विचारलं, "मला पंक्चर काढायला शिकवलंत. आता मी तुमच्याकडे कशाला येईन?" काका म्हणाले, "ज्याला काहीच येत नाही, तो एक पंक्चर झालं की सायकल जिन्याखाली टाकतो. ज्याला येतं, तो चालवतो. चालवली तर कधीतरी माझ्याकडे येईलच ना?"

मी काय बोलणार? त्यांना आमच्या जिन्याची गोष्ट मी कधी सांगितलीच नव्हती.

एकूण खर्च १४४० रुपये. बजेटातले साठ उरले, घरी कौतुकही झालं. पण त्या वहीत काकांचे चार रविवार कुठेच लिहिलेले नाहीत. ते कोणत्या रकान्यात लिहायचे, हे अजून मला सुचलेलं नाही.

आता रोज भाजीला सायकलवरच जातो. सोसायटीतली मुलं पंक्चर घेऊन माझ्याकडे येतात. पहिलं मी काढून दिलं, जरा शायनिंगही मारली. आता त्यांना घेऊन टपरीवर जातो आणि म्हणतो, "बसा इथं. काका काय करतात ते बघा."