साहेब नसलेली कचेरी

कचेरीत साहेब नसावा असे ज्याला कधी वाटले नाही, असा कारकून अजून जन्मायचा आहे! मीही महापालिकेच्या दप्तरात ३४ वर्षे हेच मनोराज्य करीत आलो. आणि निवृत्तीनंतर ते अवचित खरे झाले.

पुण्यातल्या एका संस्थेने मला बोलावले. नफा मिळवायचा नाही, संगणकाच्या साहाय्याने सरकारी कारभार नागरिकांसमोर उघडा करायचा, असा तिथल्या तरुण मंडळींचा संकल्प. इंग्लंडात २००७ साली 'फिक्समायस्ट्रीट'ने रस्त्यातल्या खड्ड्यांची तक्रार नकाशावर नोंदवण्याची सोय केली, अमेरिकेत २००९ साली 'कोड फॉर अमेरिका' निघाली. तसलेच हे काम. जुन्या फाँटातले ठराव युनिकोडमध्ये आणताना शब्दांची पार दशा होई. मूळ शब्द ओळखायला माझ्यासारखे जुने खोड हवे होते.

संचालक होता, पण नावापुरता. टेबले सारखी, चहा सारखा. सारे एकमेकांना अरे-तुरे करीत. मी तेवढा 'काका'. "आपण एक कुटुंब आहोत," असे दर सोमवारी कुणीतरी म्हणे. आणि रात्री दहापर्यंत दिवे जळत.

एका संध्याकाळी शेजारच्या टेबलावरची मुलगी डोळे पुसताना दिसली. आईचे ऑपरेशन होते.

"मग रजा घे की!"

"मागू कुणाकडे, काका? नाही कुणीच म्हणणार नाही. पण रजा कुणी घेतच नाही. माझं काम यांच्याच डोक्यावर पडणार."

मला आमचे हेडक्लार्क आठवले. रजेचा अर्ज पाहून ते नाक मुरडीत. पण सही करीत. त्यांच्यावर रागावता तरी येई. कुटुंबावर रागवायचे कसे?

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा या मंडळींना तोंडपाठ. अर्जाला ३० दिवसांत उत्तर मिळालेच पाहिजे, असे ते साऱ्या गावाला शिकवीत. मी तिला जुन्या वळणाचा अर्ज लिहून दिला : 'मेहेरबान संचालक यांस', आणि खाली, 'उत्तर ३० दिवसांत नको, आजच हवे.'

संचालक आधी हसला. मग बराच वेळ गप्प राहिला.

"काका," तो म्हणाला, "रजा कुणाकडे मागायची, हे मलाही ठाऊक नव्हतं."

आता टेबलावर रजेची वही आहे. पहिले नाव तिचे, दुसरे संचालकाचे. साहेब मात्र अजून नाही. सही मीच करतो; नाक न मुरडता!