स्थिरीकरणाची उमेदवारी

धुळ्याच्या आग्रा रोडवर कापडाचे दुकान असलेल्या एका जैन कुटुंबातील मुलाने दारू सोडली, त्यास आता अडीच वर्षे झाली. घरात चौविहार पाळला जातो, आठम-चौदसला हिरवी भाजी शिजत नाही. अशा घरात मुलाचे पिणे जसे लपविले गेले, तसे त्याचे सोडणेही लपविले गेले. तो पुण्यास उपचार घेत होता, तेव्हा नातलगांना सांगितले होते की माल घेण्यासाठी सुरतेला गेला आहे.

यंदाच्या क्षमापनेनंतर त्याने वडिलांपुढे इच्छा मांडली. व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे आणि दुकान सांभाळून खान्देशातच हे काम करावे, असे त्याच्या मनात होते. बाबूजींचा हात रोजमेळावर थबकला. ते म्हणाले, "तू सुटलास, हेच पुष्कळ झाले. आता तो डाग जन्मभर मिरवायचा कशाला? जळगावला तुझ्या बहिणीच्या सासरी काय सांगू?"

बाबूजींची भीती पोकळ नव्हती. व्यापाऱ्याचे खरे भांडवल त्याची पत असते. ती जपण्यासाठीच घराघरांत असे दुःख तिजोरीत ठेवावे तसे ठेवले जाते. परंतु या लपविण्याची किंमत त्याच घराने एकदा मोजली होती. पुण्यास जाण्यापूर्वी काकांनी मुलाला महाराजसाहेबांकडे नेऊन पच्चक्खाण घ्यावयास लावले आणि घरी आणून एका खोलीत ठेवले. हेतू शुद्ध होता. तिसऱ्या दिवशी मुलाला झटके आले आणि मध्यरात्री रुग्णालयात धाव घ्यावी लागली. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी प्राणही जाऊ शकतो. पच्चक्खाणात काहीच चूक नव्हती. मात्र ते पाळणाऱ्या देहाला त्या दिवसांत डॉक्टरांची गरज आहे, हे त्या घरात कोणासही ठाऊक नव्हते.

आपल्याकडे सप्त व्यसनांचा त्याग लहानपणापासून शिकविला जातो. सम्यक्दर्शनाच्या आठ अंगांत 'स्थिरीकरण' हेही एक अंग आहे, याकडे मात्र तितके लक्ष जात नाही. मार्गावरून ढळलेल्याला पुन्हा मार्गावर स्थिर करणे, हा त्याचा अर्थ. कोशेची कथा आपल्या घरांत सर्वांनी ऐकलेली आहे. स्थूलिभद्रांची बरोबरी करू पाहणारे सिंहगुफावासी मुनी तिच्याकडे चातुर्मासास आले आणि ढळले. तिने त्यांना नेपाळहून रत्नकंबल आणावयास सांगितले, त्याने पाय पुसले आणि ते गटारात टाकले. एवढे मोलाचे वस्त्र घाण केले म्हणून मुनी हळहळले, तेव्हा त्याहून मोलाचे चारित्र्य आपण कशात टाकीत आहात, हे तिने त्यांच्या ध्यानात आणून दिले. एके काळी गणिका असलेली आणि पुढे श्राविका झालेली ही स्त्री तो मोह आतून ओळखत होती. म्हणूनच तिचा शब्द लागला.

व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाचा शब्द असाच लागतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर, 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. आज ती संस्था इतरांना प्रशिक्षणही देते. मद्रासमध्ये शांती रंगनाथन यांनी पतीला दारूपायी गमावल्यानंतर 1980 मध्ये अशीच संस्था उभारली. स्वतःचे दुःख त्यांनी झाकून ठेवले नाही, त्याचे इतरांसाठी औषध केले.

परंतु केवळ अनुभव पुरेसा नसतो. स्वतः जसा सुटला तसेच सर्वांनी सुटावे, हा आग्रह अनुभवी माणसालाच अधिक होतो. म्हणून या प्रशिक्षणात प्रथम ऐकावयास शिकवितात. उपदेश न करता असे प्रश्न विचारावयाचे, की बदलाचे कारण समोरच्याच्याच तोंडून यावे. डॉक्टरांकडे केव्हा पाठवावयाचे, ते ओळखावयाचे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या वेळा धोक्याच्या असतात, हे रुग्णाला व घरच्यांना समजावयाचे. कोणी पुन्हा घसरला तर त्याला धिक्कारावयाचे नाही. अतिचार घडला म्हणून आपण व्रत सोडून देत नाही, प्रतिक्रमण करतो. आणि ऐकलेले बाहेर न्यावयाचे नाही. दिगंबर परंपरेने ज्याला उपगूहन म्हटले, त्या गोपनीयतेला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाचा हक्क मानले आहे. बाबूजींना जी पत जपावयाची होती, ती जपणे हाही या विद्येचाच भाग आहे.

अशी माणसे किती थोडी आहेत! केंद्र शासनाच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. समाज इमारतीसाठी उदार हाताने देतो. त्या इमारतीत बसून ऐकणारा माणूस घडविण्यासाठीही त्याने द्यावे. ज्या घराला आज तातडीने विचारावयाचे असेल, त्याच्यासाठी 14446 हा शासनाचा निःशुल्क क्रमांक आहे.

मुलाने बाबूजींना एवढेच विचारले, "दोन वर्षे उमेदवारी केल्याशिवाय तुम्ही कोणाच्या हाती गल्ला देत नाही. मग एखाद्याचा जीव न शिकलेल्याच्या हाती कसा द्यायचा? त्या रात्री काकांना कोणी सांगणारा असता तर?"

बाबूजी बराच वेळ बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जळगावला विहीणबाईंना स्वतः फोन केला आणि सारे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग हलक्या आवाजात प्रश्न आला, "आमच्या धाकट्याशी तो एकदा बोलेल का?"

संध्याकाळी मुनीमजींनी प्रशिक्षणाच्या पैशांसाठी खाते विचारले, धर्मादाय लिहू का? बाबूजी म्हणाले, "नको. शिक्षण खाते लिहा."