अनामिका

पाच बोटांत अनामिकेइतके उपेक्षित बोट दुसरे नाही. अंगठा धरतो, तर्जनी दटावते, करंगळी कट्टीला उपयोगी पडते. अनामिकेला बिचारीला नावसुद्धा मिळाले नाही! देवाला गंध लावावे नि अंगठी मिरवावी, एवढेच तिचे काम.

गेल्या वर्षीच्या श्रावणात माझ्या उजव्या अनामिकेने मात्र नाव काढायचे ठरवले. मूठ वळली की ती वळे. उघडताना तेवढी आडून बसे. डाव्या हाताने ओढली की खट्‌कन सुटे. ‘सरळ बोटाने तूप निघत नाही’ ही म्हण वर्गात सांगताना माझे वाकडे बोट पाहून मुले हसली. मला हसू येईना. फळ्यावर खडू टिकेना, पेपर तपासताना पेन गळून पडे. मास्तरणीचा उजवा हात गेला तर राहिले काय?

इंग्रजांनी या दुखण्याला बंदुकीच्या चापावरून ‘ट्रिगर फिंगर’ म्हटले. मला विचाराल तर खरी उपमा परकराच्या नाडीची! बोट वाकवणारी दोरी तळहातापासून एका नेफ्यातून जाते. नेफ्याचे तोंड जाड होऊन आवळते, दोरीला गाठ येते, नि गाठ तोंडाशी अडते. फ्रान्समधल्या नोता नावाच्या डॉक्टरांनी १८५० मध्येच या गाठीचे वर्णन केले होते. मधुमेह असला तर हा त्रास अधिक, बायकांनाही अधिक. (आणखी एक मान आम्हांला!)

रात्री पट्टी बांधून झाली. इंजेक्शनाने चार महिने बरे गेले, मग पुन्हा खट्‌. आता नेफ्याचे तोंड कापणेच उरले. तेवढे कापले तरी पुढचा नेफा दोरीला धरून ठेवतो. तळहाताला चीर न देता हे काम करण्याची रीत १९५८ साली प्रसिद्ध झाली. पण ते काम चाचपून, अंदाजाने करायचे, आणि दोन्ही बाजूंना बोटाच्या नसा! आता सोनोग्राफीत सारे दिसते.

सोनोग्राफी म्हणताच सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले. “या वयात?”

तळहात तेवढा बधिर केला. पडद्यावर माझीच दोरी सरकत होती, अडत होती. सगळे तोंड सुटले नाही तर चीर द्यावी लागेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. त्यामुळे “आता मूठ उघडा” म्हणाले तेव्हा माझा श्वास अडला. बोट मात्र अडले नाही. टाका नाही, नुसती चिकटपट्टी. तळहात पुढे दोन-तीन आठवडे ठणकला.

यंदा चकल्यांचा सोऱ्या हाती देताना सासूबाईंनी विचारले, “अजून अडते का गं?”

मी मूठ वळून उघडून दाखवली.

“मग भाजणी थोडी वाढवते.”